मिठाचा सावत्र भाऊ

जिजींनी काचेची नळी उजेडाकडे धरली, मग पदर नाकाला लावला. नळीचं तोंड मी वितळवून बंद केलेलं होतं, वास यायचा काही प्रश्न नव्हता. पण आतला प्रकारच तसा होता. तळाशी डाळिंबाच्या रसाहून काळपट असा द्रव आणि त्याच्यावर नळीभर तांबडा धूर.

"हा राक्षस माझ्या मिठागरातला?" त्यांनी विचारलं. "मास्तर, यात खरं किती?"

मी त्यांना नुकतंच सांगितलं होतं की मीठ काढून घेतल्यावर जे कडू पाणी तुम्ही खाडीत सोडून देता, ते मी घागरींनी भरून आणलं, भट्टीवर आटवलं आणि शेवटी या गृहस्थांना शेंडीला धरून बाहेर ओढलं. वासानं वाटेत कावळे पडले. आमच्या संस्थेच्या एका संचालकांची काळी टोपी भुरकी पडली.

"पावली खरं," मी म्हणालो.

"म्हणजे बारा आणे खोटं. फार झालं. थाप असावी ती जेवणातल्या मिठाइतकी. त्याहून जास्त झाली की घास थुंकावा लागतो."

मग मी खरं सांगून टाकलं. घागरी नाहीत, कावळे नाहीत. बाटली कॉलेजच्या कपाटातली आहे. पण तुमच्या त्या कडू पाण्यात हा असतो, ते मात्र शपथेवर खरं. याचं नाव ब्रोमीन. मिठात जो क्लोरीन असतो त्याचा हा भाऊ. तोंडवळा इतका सारखा की कोण कुठला हे ओळखायला आम्हांला आणखी दोन औषधं घालावी लागतात.

"सख्खा भाऊ?"

"म्हणायला सख्खा. स्वभाव वेगळा."

"मग सावत्रच तो," जिजी म्हणाल्या आणि तान्हं मूल परत द्यावं तशी ती नळी दोन्ही हातांनी माझ्याकडे दिली.

हे पेणला, टिपणिसांच्या ओट्यावर. मी तेव्हा गावातल्या नव्या कॉलेजात रसायन शिकवायचो आणि टिपणिसांच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. जिजी म्हणजे घरच्या मालकीण. यजमान गेल्यावर खाडीकाठचं मिठागर त्यांनी एकटीनं चालवलं होतं. आता ते त्यांचे चिरंजीव मधुभाऊ बघत. मधुभाऊंची बायको कुमुदवहिनी. घरात एवढीच माणसं, आणि संध्याकाळी ओट्यावर मी. माझ्या थापा गावात सगळे ऐकत, पण ऐकून झाल्यावर त्यांचं माप काढणारी बाई एकच होती. तिनं "खरं किती?" विचारल्याशिवाय माझी गोष्ट संपली असं मला वाटत नसे.

त्या ज्येष्ठात मिठाचे ढीग पेंढ्यानं शाकारून झाले आणि आषाढी आली. दर वर्षी जिजी चातुर्मासात काहीतरी सोडत. कधी वांगं, कधी चहा. मासळी तर त्या कायस्थाच्या घरात तशीही श्रावणापुरती बंद व्हायचीच. त्या वर्षी त्यांनी मीठ सोडलं. कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कुमुदवहिनींची दोन बाळंतपणं अर्ध्यावर फुकट गेली होती आणि आता पुन्हा दिवस राहिले होते. देवापुढे काही मोठं ठेवायला हवं, आणि मिठागरवालीकडे मिठाहून मोठं काय असणार? त्यांच्यासाठी वेगळ्या लहान पातेल्यात अळणी आमटी शिजू लागली. हलवायानं साखर सोडली म्हणून मी ओट्यावर चेष्टा केली. जिजीच सगळ्यांत जास्त हसल्या.

श्रावण सरता सरता मी त्यांना धरमतरच्या खाडीतल्या एका सुसरीची गोष्ट सांगितली. ती म्हणे मिठाच्या गोणीवर झोपली आणि तोलणाऱ्यानं तिलाही गोणी समजून मुंबईला रवाना केली. गोष्ट संपली. जिजी म्हणाल्या, "बरं झालं. तिला मुंबईला बरं वाटेल." खरं किती, ते विचारलं नाही.

मी मूर्ख. मला वाटलं, आपली कला आता पिकली.

मग एकेक दिसायला लागलं. ओट्याची पायरी उतरताना त्यांचा पाय नको तिथे पडू लागला. साठीच्या बाईच्या गालांवर आणि हनुवटीवर वयात आलेल्या मुलासारख्या पुटकुळ्या उठल्या. बोलताना जीभ जड. सुनेला कधी बहिणीच्या नावानं हाक मारायच्या, कधी आईच्या. भाद्रपदात गणपती गेले आणि जिजींना अंगणात पांढरे घोडे दिसू लागले. घोडे उपाशी आहेत, त्यांना कुणी वैरण घालत नाही, म्हणून त्या मधुभाऊंवर संतापत. थोड्या दिवसांनी त्यांना असं वाटायला लागलं की कुमुदवहिनी जेवणात काहीतरी घालतात. त्यांच्या हातचं पाणीही त्या हुंगून पीत.

मधुभाऊ माणूस अबोल. एका सकाळी माझ्या दारात येऊन उभे राहिले आणि भिंतीकडे बघत म्हणाले की अमावास्या झाली की आईला ठाण्याला नेणार आहे. त्या काळी पेणमध्ये ठाण्याला जाणारी माणसं पुष्कळ होती, पण आवाज असा खाली गेला की त्याचा अर्थ एकच. वेड्यांचं इस्पितळ. पक्षपंधरवडा चालू होता, पितरांच्या दिवसांत असलं काही करायचं नाही, म्हणून सर्वपित्रीपर्यंत थांबायचं. आत कुमुदवहिनी चुलीपुढे बसून रडत होत्या. पाचवा महिना चालू होता आणि त्यांनाही अन्न जाईनासं झालं होतं.

"तिथे गेलेलं माणूस परत येतं हो," मधुभाऊ म्हणाले. "पण ते घरी येत नाही. नुसतंच परत येतं."

त्याच दिवशी मी जिजींजवळ बसलो असताना वहिनी औषध घेऊन आल्या. चपटी बाटली, तिच्यावर डोसांच्या खुणांसाठी कातरून चिकटवलेली कागदाची पट्टी. त्या घरात इतकी वर्षं राहून ही बाटली मी कधी पाहिली नव्हती. मधुभाऊंना विचारलं तर ते आधी बोलेनात. मग कळलं की यजमान गेल्यापासून जिजींना फिट येत असत. गुर्जर डॉक्टरांच्या या औषधानं त्या थांबल्या, वर्षानुवर्षं एकही आली नाही. सोयरिकी जुळायच्या घरात असलं कुणी बोलत नाही, म्हणून बाटली फडताळाच्या मागच्या कप्प्यात. ते मला म्हणाले, "तुम्हीही बोलू नका. तुमची जीभ..." आणि पुढचं त्यांनी सभ्यपणे गिळलं.

त्या जिभेवरच मी औषधाचा थेंब घेतला. रसायनवाल्यांची ही वाईट खोड, पुष्कळ जण तिच्यापायी वर गेलेत. चव खारट लागली, मागून कडवट.

दुसऱ्या दिवशी रविवार. कॉलेज रिकामं होतं. औषधाचे काही थेंब परीक्षानळीत घेऊन त्यांत नायट्रिक अ‍ॅसिड आणि मग सिल्व्हर नायट्रेट टाकलं. साध्या मिठाच्या पाण्यात असं केलं तर दह्यासारखा पांढराशुभ्र साका येतो आणि वरून अमोनिया ओतला की साखरेसारखा विरघळून जातो. इथे साका आला तो फिकट पिवळा, शिळ्या लोण्यासारखा, आणि अमोनियाला दाद देईना. दुसऱ्या नळीत थोडं औषध, क्लोरीनचं पाणी आणि तळाशी बसणारं जड कार्बन टेट्राक्लोराइड घालून हलवलं. तळचा थर नारिंगी होऊन तांबूस झाला. थोरला भाऊ आला की धाकट्याला उठून बाहेर यावं लागतं, तसा तो आला. ओट्यावर जिजींनी ज्याच्यासाठी नाकाला पदर लावला होता, तोच.

मी धावत गुर्जर डॉक्टरांच्या दवाखान्यात गेलो आणि धापा टाकत सांगितलं की जिजींच्या औषधात ब्रोमाइड आहे.

डॉक्टर सुपारी कातरत होते. म्हणाले, "देवकुळे, मला विचारलं असतंत तर कॉलेजची चांदी वाचली असती. फिटला ब्रोमाइड देतात हे माझ्या मास्तरांच्या मास्तरांनाही ठाऊक होतं."

मी खाली बसलो. मग विचारलं, ते जास्त झालं तर काय होतं?

अडकित्ता थांबला. "हेच होतं. तोल, बोलणं, पुटकुळ्या, भास. सगळं हेच. पण जास्त झालं कुठे? बाटली मी स्वतः भरतो. चमचा तोच, डोस तोच. लोकांना वाटतं म्हाताऱ्याला सुचलं नाही. अहो, मी पहिल्यांदा तेच पाहिलं."

सुपारी तशीच राहिली होती. या माणसाला झोप लागत नाही हे दिसत होतं. मी विचारलं, आत किती साठलंय हे बघता येईल का? ते म्हणाले, येईल, मुंबईला रक्त पाठवून. पण उत्तर येईपर्यंत अमावास्या उलटून जाईल. मी म्हणालो की रक्त नको, मला दुसरं काही चालेल. डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि कित्येक दिवसांनी हसले.

ते दुसरं काही कुमुदवहिनींनी मला लोणच्याच्या रिकाम्या बरणीत दिलं. बरणी आधी उकळत्या पाण्यानं दोनदा विसळून घ्या, मिठाचा कण राहता कामा नये, एवढं मी बजावलं होतं. भर बाजारातून जाताना भुसारवाल्यानं काय नेताय म्हणून विचारलं. मी म्हणालो मध, रानातला. तो पुढे बरेच दिवस माझ्याकडे त्या मधाची चौकशी करत होता.

प्रयोगशाळेत मी चिनी मातीच्या दोन वाट्या मांडल्या. एकीत जिजींचं, दुसरीत ताडून बघायला माझं स्वतःचं. दोन्ही आटवली, मग जाळून कोळसा केला. वास जो सुटला तो सांगत नाही, तो सांगितला तर तुम्ही थाप म्हणाल. राख पाण्यात कालवून गाळून घेतो आहे तोवर दारात मधुभाऊ. आईची ही विटंबना थांबवायला ते आले होते. नाकाला रुमाल, डोळ्यांत राग.

मी त्यांना टेबलाजवळ ओढलं. त्यांच्या दोन हातांत दोन नळ्या दिल्या आणि त्यांच्यासमोर दोन्हींत आधीसारखंच नायट्रिक अ‍ॅसिड आणि सिल्व्हर नायट्रेट टाकलं. डाव्या हातातली पांढरीशुभ्र झाली, उजव्या हातातली पिवळट. मग अमोनिया. डावीकडचं सगळं विरघळून स्वच्छ पाणी झालं. उजवीकडचं तसंच राहिलं.

"ही निवळली ती कुणाची?" त्यांनी विचारलं.

"माझी."

"आणि आईच्या यात तुमचा तो ब्रोमाइड. असणारच की. औषधात आहे तर बाहेर येणारच. यात नवीन काय कळलं?"

मी त्यांचा उजवा हात उजेडाकडे वळवला. उजव्या हातातल्या नळीत मला जे दिसत होतं त्यापेक्षा जे दिसत नव्हतं ते मोठं होतं.

"सावत्र भाऊ आलाय, तो यायचाच होता," मी म्हणालो. "पण सख्खा कुठे गेला? मधुभाऊ, कुणाच्याही लघवीत मीठ असतं. तुमच्या, माझ्या, भिकाऱ्याच्या. जिजींच्या यात ते जवळजवळ नाहीच, नाहीतर अमोनियात थोडं तरी विरघळलं असतं."

मिठाचा व्यापारी तो. नळीकडे पाहत उभा राहिला. मग असा हळू बोलला की जणू शब्द दुसराच कुणी उच्चारत होता.

"आई मीठ खात नाही. आषाढीपासून."

आम्ही दोघं तसेच डॉक्टरांकडे गेलो. नळ्या मधुभाऊंच्या हातात होत्या, त्या खाली ठेवायचं त्यांना सुचलं नाही. ऐकून डॉक्टरांनी चष्मा काढला आणि नुसताच पुसत बसले.

"मला कुणी सांगितलं नाही," ते म्हणाले.

"उपास डॉक्टरला कोण सांगतं?" मधुभाऊ म्हणाले.

ते खरंच होतं. डॉक्टरांनी रोज विचारलं होतं, खाण्यात काही बदल? आणि रोज प्रामाणिक उत्तर मिळालं होतं, काही नाही, नेहमीचंच. व्रत म्हणजे काही खाण्यातला बदल नव्हे. आषाढात चेष्टा करणारा मी रोज समोर बसत होतो, मलाही ते दिसलं नव्हतं.

डॉक्टरांनी मग समजावून सांगितलं. शरीराला मीठ लागतंच. रोज येतं, रोज जातं, आणि त्या वाहत्या पाण्याबरोबर रोजचा ब्रोमाइडही धुऊन निघतो. म्हणून इतकी वर्षं काही झालं नाही. मीठ यायचं थांबलं तसं शरीर घाबरलं. जे मिठासारखं दिसेल ते त्यानं धरून ठेवलं, जाऊ देईना. सख्खा घरात नाही म्हणून सावत्राला पाटावर बसवला, आणि तो उठेना. औषध बंद करायचं, फिटसाठी दुसऱ्या गोळ्या द्यायच्या आणि मीठ चारायचं. भरपूर मीठ, भरपूर पाणी. दुसरा उतारा नाही.

एवढं सोपं होतं. घरामागे मिठाचा डोंगर होता.

त्या संध्याकाळी कुमुदवहिनींनी पेजेत चिमूटभर मीठ टाकलं. पहिला घोट घेतल्याबरोबर जिजींनी वाटी भिंतीवर मारली. बाकी सगळं विसरलेली ती बाई एवढं मात्र विसरली नव्हती. "माझ्या नातवावर उठलीस?" त्या वहिनींना म्हणाल्या, आणि मग त्यांनी अन्नच सोडलं. डॉक्टरांनी सलाइन लावायचा प्रयत्न केला, तर सुई उपटून फेकली. हातपाय बांधून लावता आलं असतं. डॉक्टर म्हणाले, बांधायचंच असेल तर ठाणं काय वाईट? मधुभाऊ अंगणात जाऊन उभे राहिले. अमावास्या परवावर आली होती.

वहिनी पुसलेल्या भिंतीपाशी बसल्या होत्या. पेजेचे ओघळ अजून दिसत होते. त्या म्हणाल्या की जिजींनी मीठ माझ्यासाठी सोडलंय, आणि मीच ते तोंडात घालायचं. याचं काही वावगं झालं तर? त्यांचा हात पोटावर होता. मी उठायला लागलो तेव्हा म्हणाल्या,

"भाऊजी, तुम्ही जगाला थापा मारता. एक माझ्यासाठी मारा."

म्हणून पेणमध्ये त्या वर्षी पितृपक्षात तुळशीचं लग्न लागलं.

चातुर्मास संपला की व्रत सुटतं. कार्तिकी झाली, दुसऱ्या दिवशी तुळशीचं लग्न, मग मीठ खायला देवाची हरकत नाही. जिजींना दिवसांचा हिशेब उरलेलाच नव्हता. तो आम्ही करून द्यायचा. मधुभाऊंना हे पसंत नव्हतं. पितरांच्या दिवसांत लग्न, तेही देवाचं, आणि खोटं. वहिनी म्हणाल्या, पाप लागलं तर माझ्या नावावर टाका. यावर नवरा काय बोलणार?

वृंदावन गेरूनं रंगवलं. ऊस आणला तो बोरूसारखा बारीक. झाडाला चिंचा म्हणून जे होतं ते हिरवे आकडे. आवळे कुठेच मिळाले नाहीत. पक्षपंधरवड्यात भटजी यायचा प्रश्नच नव्हता, म्हणून मंगलाष्टकं माझ्याकडे आली. मला दोनच येत होती, ती मी उलटसुलट करून म्हटली. अंतरपाटाचं एक टोक मधुभाऊंनी धरलं, दुसरं गुर्जर डॉक्टरांनी. शेजारच्या काकू कुंपणापाशी येऊन तोंडावर हात ठेवून बघत राहिल्या. मी त्यांना सांगितलं की कॉलेजच्या नाटकाची तालीम आहे, तुम्हांलाही पाहिजे तर वऱ्हाडातलं काम देतो. त्या घाईघाईनं आत गेल्या.

मग अंतरपाट ठेवून त्या दोघांनी जिजींना धरून बाहेर आणलं. आभाळ भरलेलं होतं, बारीक भुरभुर चालू होती. त्यांनी वृंदावनाकडे पाहिलं, उसाकडे पाहिलं.

"कार्तिकी झाली?"

"काल झाली, जिजी," मी म्हणालो.

"मग पाऊस कसा?"

मी सांगितलं की यंदा पाऊस जायला निघाला होता, पण वडखळच्या नाक्यावर त्याची गाडी चुकली. स्टँडवर बसला आहे. कंडक्टर म्हणतो, भिजलेल्या माणसाला गाडीत घेत नाही. कोरडा होऊन ये म्हणतो. आता पाऊस कोरडा कसा होणार? म्हणून परत आलाय.

"आवळे कुठेत?"

आवळे माकडांनी नेले. त्यांच्यातही आजच एक लग्न आहे. परत करतो म्हणालेत.

जिजी माझ्याकडे बघत राहिल्या. ते डोळे महिनाभर धुकट होते. तेवढ्यापुरतं त्यांत काहीतरी हललं आणि ओठ विलगले. मला कळलं त्या काय विचारणार आहेत. जन्मभर ज्या प्रश्नासाठी मी गोष्टी सांगितल्या, तो त्या घटकेला येऊ नये म्हणून मी मनातल्या मनात हात जोडले.

प्रश्न आला नाही. त्यांची नजर माझ्यावरून निघून कुमुदवहिनींवर गेली. वहिनी मिठाची वाटी घेऊन उभ्या होत्या, वाटी हातात कापत होती. जिजींनी धरणाऱ्यांचा हात सोडवला आणि स्वतःचा तळवा पुढे केला. वहिनींनी चिमूट ठेवली. जिजींनी ती जिभेवर घेतली, डोळे मिटले. आणि तळवा पुन्हा पुढे केला.

मग खारट पेज, खारट ताक, मीठ घातलेलं लिंबाचं सरबत, वर तांब्यावर तांब्या पाणी. अमावास्या आली आणि गेली, मधुभाऊंनी ठाण्याचं नाव काढलं नाही. आधी घोडे गेले. मग पुटकुळ्या सुकल्या. वाट्यांचा तो घाण प्रयोग मी मधूनमधून करत होतो. नारिंगी थर प्रत्येक वेळी फिका दिसे आणि पांढरा साका वाढत जाई. डॉक्टर तेवढ्यासाठी कॉलेजात यायचे, नळी खिडकीकडे धरून बघायचे आणि परत जायचे.

नवरात्र संपत आलं तेव्हा एका संध्याकाळी मी जिजींना ओट्यावर काहीबाही सांगत होतो. वाशीनाक्याच्या एका शिंप्यानं खाडीचं पाणी फाटलं म्हणून त्याला टाके घातले, असं काहीतरी. त्या भिंतीला टेकून ऐकत होत्या. माझं झालं.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "यात खरं किती?"

अंगणात मधुभाऊ गोण्या मोजत होते. त्यांनी मोजणं थांबवलं, खाली बसले आणि तोंड गुडघ्यांत घातलं.

कार्तिक आला. टिपणिसांच्या अंगणात तुळशीचं लग्न पुन्हा लागलं, या वेळी भटजींसकट, आणि आवळ्यांसकट. फराळाची बशी घेऊन जिजी माझ्याशेजारी ओट्यावर येऊन बसल्या.

"तुळशीचं यंदाचं हे दुसरं," त्या सहज म्हणाल्या.

मी बशीत बघू लागलो.

"आवळे दिले वाटतं माकडांनी परत."

"जिजी, तुम्हांला तेव्हा कळलं होतं?"

"सगळं कुठलं कळतंय? डोक्यात नुसता कापूस. पण तुम्ही बोलायला लागलात ना, तेव्हा वाटलं, हे माझ्या ओळखीचं आहे. हा माणूस खोटं बोलतोय. विचारणारच होते. मग कुमुदच्या हातात वाटी कापताना दिसली. म्हटलं, एवढी भ्यायलेली पोर मला फसवायला उभी राहिलीय, तर फसायला काय हरकत आहे?"

आत कुमुदवहिनी कुणाशी तरी बोलत होत्या. त्यांना आता चालताना कमरेला हात लावावा लागत होता.

"पण माझं व्रत अर्धं राहिलं," जिजी म्हणाल्या. "देवाला दिलेला शब्द आहे, आणि तोही त्या पोराच्या नावानं. डॉक्टर म्हणतात, यापुढे मीठ सोडाल तर मी गाव सोडीन. तेव्हा मी ठरवलंय. मिठाच्या खालोखाल मला जे लागतं ते सोडायचं. दर चातुर्मासात, जिवंत असेपर्यंत."

मी विचारलं, काय सोडणार? मला वाटलं चहा असेल, नाहीतर पान.

"आषाढीपासून कार्तिकीपर्यंत," त्या म्हणाल्या, "तुम्ही मला गोष्ट सांगायची नाही."

फाल्गुनात कुमुदवहिनींना मुलगी झाली, चांगली खणखणीत आवाजाची. त्यानंतर जिजी बरीच वर्षं होत्या. दर चातुर्मासात मी ओट्यावर बसून पावसापाण्याचं, मिठाच्या भावाचं, असलं खरंखुरं कोरडं बोलायचो आणि त्या जांभया देत ऐकायच्या. तोंडाशी आलेली थाप मी गिळलेली त्यांना दिसली की त्या आणखी एक पान लावून मला द्यायच्या. कार्तिकी झाली की दुसऱ्या संध्याकाळी पदर सावरून समोर येऊन बसत आणि म्हणत, "हं. वाढा."

जिजी गेल्या त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. व्रत त्यांचं होतं, ते त्यांच्याबरोबर संपायला हवं होतं. पण सवय म्हणा. ही गोष्ट तुम्ही मला भाद्रपदापासून विचारत होता आणि मी काहीतरी सांगून टाळत होतो. आज तुळशीचं लग्न झालं, म्हणून सांगितली.

आता विचारा, खरं किती.